पेग, पाऊणकी आणि पापलेट

जागतिक महासागर दिन ८ जूनला असतो. आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. म्हणजे ज्या दिवशी साऱ्या जगाने समुद्राकडे बघायचं ठरवलंय, नेमक्या त्या दिवशी आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढून, ताडपत्री पांघरून पडलेल्या असतात. खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात. समुद्र असा खवळलेला असतो की त्याच्याकडे जरा जवळून बघायला गेलं तर जीवरक्षक शिट्टी मारून मागे हाकलतो. संपादकांचा फोन मात्र ७ तारखेला संध्याकाळी हमखास येतो. ‘‘उद्या महासागर दिन आहे, लक्षात आहे ना? छान, निळं, प्रसन्न असं काहीतरी द्या. आणि फोटो ताजा हवा हं.’’

ताजा फोटो राखाडी असतो. छापून येतो तो निळा. त्यातले माड कोकणातले नाहीत, हे कोकणातल्या माणसाला पहिल्या नजरेत कळतं, पण तो बिचारा त्या दिवशी घराची कौलं चाळण्यात गुंतलेला असतो. १९९२ साली रिओच्या परिषदेत या दिवसाची कल्पना कॅनडाने मांडली. त्या सभेत मालवणचा एखादा तांडेल बसलेला असता, तर तारीख निमूटपणे डिसेंबरात गेली असती.

हे एकट्या समुद्राचं दुखणं नाही. जागतिक व्याघ्र दिन २९ जुलैला. ताडोब्याचं कोअर क्षेत्र १ जुलैला बंद होतं ते ३० सप्टेंबरपर्यंत. हा दिवस ठरला २०१० साली, सेंट पीटर्सबर्गला. तिथे जुलैत लख्ख ऊन असतं. बरं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि जंगल उघडतं, तेव्हा गवत पुरुषभर वाढलेलं असतं आणि जागोजागी पाणी असतं, त्यामुळे वाघाला पाणवठ्यावर येऊन तुम्हाला दर्शन देण्याचं काही कारण उरत नाही. जागतिक कासव दिन २३ मेला. कोकणात कासवांचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो आणि मे उजाडेपर्यंत बहुतेक पिल्लं समुद्रात पोचून आपापल्या उद्योगाला लागलेली असतात. राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षांत, जेव्हा घरोघरी विज्ञान या विषयाबद्दल मुळीच प्रेम उरलेलं नसतं.

आणि विज्ञान दिनाची गोष्ट तर खास समुद्राचीच आहे. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन बोटीने युरोपातून परत येत होते. भूमध्य समुद्राचा तो गडद निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला की हा निळा का? आकाशाचं प्रतिबिंब म्हणून, हे चालत आलेलं उत्तर त्यांना पटेना. त्या प्रश्नाचा पाठलाग करत करत ते २८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणामापर्यंत पोचले आणि १९३०मध्ये नोबेलपर्यंत. रामन यांचं भाग्य असं, की ते प्राध्यापक होते. ते माझ्यासारखे फ्रीलान्स पत्रकार असते, तर बोटीवरून उतरल्यावर त्यांनी संपादकांना फोन लावला असता आणि पलीकडून आवाज आला असता, ‘‘समुद्र निळा आहे, यात बातमी काय? पेग सांगा, पेग.’’

तर मी समुद्र, वन्यजीव आणि विज्ञान या विषयांवर लिहिते. कुठल्याही वर्तमानपत्राच्या नोकरीत नाही. ज्याला हवं त्याला लेख देते. हे वाक्य मी ज्या सहजतेने इथे लिहिलं, त्या सहजतेने ते नातेवाइकांच्या गळी उतरत नाही.

‘‘म्हणजे नोकरी नाही,’’ आत्या म्हणतात.

‘‘नोकरी नाही, पण काम असतं.’’

‘‘म्हणजे घरीच असतेस तर! बरं झालं, बुधवारी माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल.’’

लग्नकार्यात माझी ओळख ‘ही डिस्कव्हरीवर असते’ अशी करून दिली जाते. मी आता खोडून काढत नाही. समोरचा गृहस्थ लगेच मोबाइल उघडतो आणि त्यांच्या बाथरूममध्ये निघालेल्या सापाचा फोटो दाखवून विचारतो, ‘‘विषारी आहे का हो?’’ फोटोत साप नसतो. सापाला मारणाऱ्या मेहुण्याचा अभिमानी चेहरा असतो आणि खाली कोपऱ्यात शेपटीचं टोक असतं.

घरात मात्र माझ्या धंद्याचा सुरुवातीला फार चांगला परिणाम झाला. समुद्रावर लिहायचं तर ओहोटीची वेळ बघावी लागते. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरचा खरा संसार पाणी ओसरल्यावरच उघडा पडतो. हाजीअलीच्या खडकांवर गुडघाभर डबक्यांत सागरी फुलं, गोगलगाईंच्या कुळातले झगमगीत रंगांचे जीव, खेकडे, क्वचित एखादा बोटभर ऑक्टोपस, आणि हो, प्रवाळसुद्धा. मागे शेकडो गाड्यांचे हॉर्न आणि पुढ्यात प्रवाळ. हे बघायचं तर अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची ओहोटी गाठायची. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभी राहून तिथ्या बघू लागले.

सासूबाईंना भरून आलं. सून पंचांग बघते, हे त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे, की तिथीच्या पाऊणपट जो आकडा येतो, ती भरतीची वेळ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मी मोबाइलवर गुणाकार करायला घेतला, तर सासूबाईंनी पोळी लाटता लाटता उत्तर दिलं. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. अष्टमी? भरती सहाला. दशमी? साडेसातला. अमावास्येचे पंधरा धरायचे, त्यांचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास. भरती-ओहोटीचं सरकारी कोष्टक मिनिटापर्यंत बरोबर असतं हे खरं, पण ते उघडेपर्यंत सासूबाईंची पोळी फुगून ताटात पडलेली असते.

अडचण आली ती पुढे. पहाटे सव्वापाचला हाजीअली गाठायचं तर डोंबिवलीहून अगदी पहिली लोकल धरावी लागते. म्हणजे ऐन अमावास्येच्या रात्री, काळोखात, गमबूट घालून, डोक्याला बॅटरी बांधून आणि हातात रिकामी बरणी घेऊन मी जिना उतरते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पहाटे जाग असते. त्यांनी दार किलकिलं करून मला बघितलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची दिसली. आणि याच सुमारास सासूबाईंच्या कानावर माझा स्पीकरवरचा फोन पडला. संपादक मोठ्यांदा सांगत होते, ‘‘तुमचं सगळं ठीक आहे हो, पण पेग कुठाय? पेग मिळाला की लगेच बसवू. शनिवारी मिळेल का एखादा?’’

सासूबाईंनी चार घरी जाऊन सांगायचं बंद केलं.

तर हा पेग. वर्तमानपत्राच्या भाषेत पेग म्हणजे बातमी टांगायची खुंटी: काल काहीतरी घडलेलं असलं पाहिजे, किंवा उद्या घडणार असलं पाहिजे. मारामारी काल होते, भूमिपूजन उद्या होतं. समुद्रात जे घडतं ते असं तारखेला घडत नाही. अरबी समुद्र तापतो आहे, पण तो मंगळवारी तापला असं म्हणता येत नाही. पापलेटचा आकार कमी होत गेला, पण कुठल्या दिवशी तो कमी झाला हे पापलेटलाही सांगता येणार नाही.

पापलेटला खुंटी मिळाली ती सप्टेंबर २०२३मध्ये. राज्य सरकारने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यपुष्प. त्या पंक्तीत पापलेट येऊन बसलं, आणि या पंक्तीतलं ताटात वाढलं जाणारं ते एकटंच. पालघरच्या सातपाटीचे मच्छिमार कित्येक वर्षं ओरडत होते, की लहान पिल्लंच जाळ्यात येताहेत, ती वाढणार कधी आणि अंडी घालणार कधी. मी त्यावर सविस्तर लेख लिहिला. डोळे बारीक असलेल्या जाळ्यात अपरिपक्व मासा कसा अडकतो, एकदाही प्रजनन न करता तो बाजारात कसा येतो, हे सगळं पोटतिडकीने मांडलं. लेख रविवारी छापून आला. शेजारी चौकटीत भरल्या पापलेटची पाककृती होती. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘लहान आकाराची आठ पापलेटं घ्यावीत.’ वाचकांची पत्रं आली ती सगळी चिंच घालावी की कोकम, या विषयावर.

त्या लेखासाठी मी पहाटे ससून डॉकला गेले होते. हा डॉक १८७५चा. सूर्य उगवायच्या आधी तिथे जे चाललेलं असतं, त्यापुढे शेअर बाजार म्हणजे ध्यानमंदिर वाटेल. बर्फ फोडण्याचा खडखडाट, टोपल्या सरकवणारे हात, पायाखाली खवल्यांचा आणि पाण्याचा चिखल, एकीकडे कोलंबी सोलायला रांगेत बसलेल्या बायका, आणि लिलावाच्या आकड्यांचा असा भडिमार की तिऱ्हाइताला त्यातलं एक अक्षर कळू नये. मी वही काढली. एका मावशींनी माझ्याकडे, मग वहीकडे, मग माझ्या स्वच्छ गमबुटांकडे बघितलं.

‘‘म्हावरं घेतेस का नुसतं बघतेस?’’

‘‘मावशी, मी पेपरात लिहिते. पापलेट कमी झालंय ना, त्यावर.’’

मावशींनी टोपलीतलं एक पापलेट उचललं, अंगठ्याने कल्ला उघडून आतला लाल रंग मला दाखवला आणि मासा माझ्या तळहातावर ठेवला. तो तळहातात मावला. मग त्यांनी स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘पयलं एवढं यायचं.’’ मी विचारलं, ‘‘कशामुळे झालं असेल हो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तू पेपरवाली ना? मग तू सांग.’’ आणि वळून पुढच्या गिऱ्हाइकाला लागल्या. मत्स्यविज्ञानाची इतकी आटोपशीर मुलाखत मला पुन्हा मिळालेली नाही. पापलेट मात्र घ्यावं लागलं. वहीत सगळं उतरवून घेतल्यावर नुसतं कसं निघणार?

मावशींची तऱ्हा ही, तर शास्त्रज्ञांची उलटी. त्यांना ठाम काही म्हणायचंच नसतं. वीस मिनिटं बोलल्यावर आपण आशेने विचारावं, ‘‘म्हणजे सर, तापमान वाढल्यामुळे हे होतंय, असं म्हणू का?’’ तर सर अस्वस्थ होतात. ‘‘थेट तसं म्हणता येणार नाही. कदाचित. आकडेवारी अजून अपुरी आहे. काही अंशी तसा संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहा.’’ मी तेवढंच लिहिते. रात्री डेस्कवर कुणीतरी शब्दसंख्येत बसवण्यासाठी ‘काही अंशी’, ‘शक्यता’ आणि ‘कदाचित’ एवढेच शब्द काढतं आणि सकाळी मथळा येतो, ‘समुद्राचा महाकोप! शास्त्रज्ञही चक्रावले!’ आठ वाजता सरांचा फोन येतो. सर चक्रावलेले असतात, एवढं मात्र खरं.

समुद्र रात्री निळा चमकतो तेव्हा हा सामना फार रंगतो. थंडीच्या सुमारास कोकणातल्या किनाऱ्यांवर, कधी मुंबईतही, लाटा फुटताना निळा उजेड पडतो. हे बहुतेकदा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचं काम. पाणी हललं की तो चमकतो. अरबी समुद्रातल्या खोल थरांतलं कमी ऑक्सिजनचं पाणी वर आलं की या जीवाची चलती होते, आणि माशांच्या अन्नसाखळीचा पाया असलेल्या डायटम या सूक्ष्म वनस्पतींना तो मागे सारतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याची काळजी वाटते. मी काळजी लिहून पाठवली. संपादक म्हणाले, ‘‘काळजी खाली घ्या. वर पर्यटन घ्या. लोक कुठे राहतील, जेवण मिळेल का, आणि किती वाजता चमकतं ते.’’

‘‘किती वाजता ते सांगता येत नाही.’’

‘‘मग लोक जाणार कसे?’’ या प्रश्नात एवढी खरीखुरी कळकळ होती, की नॉक्टिल्युकाच्या वतीने मलाच ओशाळल्यासारखं झालं.

विषय नाकारण्याच्या तऱ्हाही बघण्यासारख्या असतात. सह्याद्रीत पालींच्या नव्या प्रजाती वरचेवर सापडतात. डोंगराच्या एका सड्यावर जी पाल राहते, ती शेजारच्या डोंगरावर नसते. केवढं नवल! पण संपादकांचा पहिला प्रश्न, ‘‘विषारी आहे का?’’ नाही. भारतात कुठलीच पाल विषारी नाही. ‘‘मग दुर्मीळ म्हणून किंमत वगैरे?’’ तीही नाही. ‘‘मग राहू दे.’’ किंमत असली की समुद्रही पहिल्या पानावर जातो. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकूळ गिळल्यावर न पचणाऱ्या त्यांच्या चोचींभोवती अंबरग्रीस तयार होतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, आणि कोकणातल्या एखाद्या लॉजवर पोलिसांनी तो पकडला की बातमी लगेच लागते: इतक्या कोटींचा ऐवज, इतके आरोपी. व्हेलबद्दल त्यात एक ओळ नसते. मराठी वाचकाला व्हेल भेटतो तो गुन्हे प्रतिनिधीच्या मार्फत.

किंवा समुद्रयान घ्या. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारं ‘मत्स्य ६०००’ हे वाहन चेन्नईची राष्ट्रीय संस्था बनवते आहे. माणसं बसायचा भाग म्हणजे २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल. चांद्रयानाला विशेष पुरवणी मिळते, समुद्रयानाला दोन कॉलम. ‘‘२.१ मीटरमध्ये तीन माणसं, यात थरार आणा,’’ अशी सूचना आली. आता सकाळी आठची डोंबिवली फास्ट पकडणाऱ्या वाचकांसाठी यात थरार कुठून आणायचा? एवढ्या जागेत तीनच माणसं, आणि तीही बसलेली, म्हणजे चैनच.

जंगलात शिरायचं तर परवानगी लागते. ती घ्यायला गेलं की टेबलामागचे साहेब विचारतात, ‘‘कुठल्या पेपरच्या?’’

‘‘स्वतंत्र पत्रकार आहे.’’

‘‘म्हणजे कुठल्या?’’

‘‘सगळ्यांसाठी लिहिते.’’

‘‘म्हणजे कुठल्याच नाही.’’ ते अर्जावर शेरा मारतात. ‘‘पेपरचं पत्र आणा.’’ पेपरवाले म्हणतात, ‘‘लेख आला की पत्र देऊ.’’ लेख जंगलात गेल्याशिवाय होत नाही. या वर्तुळात माझ्या ओळखीचे कित्येक जण वर्षानुवर्षं फिरत आहेत, आणि त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली तर त्यांचं अधिवासक्षेत्र तहसील कचेरीएवढंच निघेल.

आता पैशांचं. लेख स्वीकारला गेला की हिशेब विभागाकडून एक फॉर्म येतो, पुरवठादार नोंदणीचा. मी लेख पुरवते म्हणून मी पुरवठादार. फॉर्ममध्ये रकाने असतात: मालाचा प्रकार, गोदामाचा पत्ता, माल सदोष निघाल्यास परत घेण्याची मुदत. मी ‘मालाचा प्रकार’मध्ये ‘कासवे’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी अगदी नम्र फोन आला, ‘‘मॅडम, जिवंत माल असेल तर वेगळा फॉर्म आहे.’’ त्यांची चूक नव्हती. त्या दिवशी त्यांनी खुर्च्या पुरवणारा आणि उंदीर मारणारा असे दोघे नोंदवले होते. मी मधली. सोबत रद्द केलेला चेक द्यावा लागतो. इतके रद्द चेक मी वाटले आहेत, की माझ्या चेकबुकातून रद्द न झालेला चेक निघाला तर बँकेला संशय येईल. पुढे पैसे येतात, टीडीएस कापून येतात, पण कधी येतात हे सांगताना हिशेब विभाग अस्सल शास्त्रज्ञ होतो. ‘‘थेट तसं सांगता येणार नाही. कदाचित पुढच्या महिन्यात.’’ हा ‘कदाचित’ मात्र कुणी कापत नाही.

या राज्यात २०१८पासून एक फार चांगली योजना आहे. संरक्षित समुद्री जीव जाळ्यात अडकला आणि मच्छिमाराने जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर जाळ्याची भरपाई म्हणून त्याला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. व्हिडिओ काढून पुरावा द्यायचा. योजना उत्तम, त्यामुळे कितीतरी कासवं वाचली. फक्त कासव सोडणाऱ्याला जे मिळतं आणि कासवावर लिहिणाऱ्याला जे मिळतं, त्यातला फरक पाहता माझ्या नवऱ्याने एकदा शांतपणे सुचवलं, ‘‘तू जाळं घे.’’

नवऱ्याला नोकरी आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. मराठीतल्या निसर्गलेखनाचा इतिहास काढला तर त्याच्या बुडाशी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सापडतो. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते. जयंत नारळीकर आधी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि मग आयुकात. पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालं ते १९२८मध्ये, रामन परिणामाच्याच वर्षी. तेव्हापासून त्यात लिहिणारे बहुतेक मास्तर, प्राध्यापक, डॉक्टर. ही सगळी माणसं पोटासाठी दुसरं काही करत आणि जिवासाठी लिहीत. निसर्गावर लिहून त्याच पैशांत किराणा भरणं हा प्रयोग मराठीत अलीकडचा आहे, आणि त्याचे निष्कर्ष यायचे आहेत. नमुन्यांची संख्या अपुरी आहे.

तरी आमच्याकडेही शेतकऱ्यासारखे दोन हंगाम असतात. खरीप म्हणजे जुहूचे ब्लूबॉटल. पावसाळी वारा त्यांना दरवर्षी किनाऱ्याकडे लोटतो, सुंदर निळा फुगा बघून कुणीतरी उचलतं, डंख बसतो आणि मला फोन येतो. तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत आहे, हे वाक्य मी दरवर्षी लिहिते आणि ते दरवर्षी जागेअभावी कापलं जातं. रब्बी म्हणजे ठाणे खाडीतले रोहित. २०१५मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२मध्ये ती रामसर स्थळ झाली. थंडीत गुलाबी थवे उतरले की प्रत्येक पुरवणीला गुलाबी पान हवं असतं. दोन्ही पिकं पावसावाऱ्यावर अवलंबून, आणि विम्याची सोय नाही.

आणि मग मधूनच असं काही होतं, की पुन्हा कुणी नोकरी देतो म्हणालं तरी नको वाटावं. २५ जानेवारी २०२२ला वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं आणि तिला समुद्रात सोडलं. तिचं नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेवर असं यंत्र बसलं ते पहिल्यांदाच. मागोमाग सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहून गुहा आणि बागेश्री. ती पृष्ठभागावर श्वास घ्यायला आली की यंत्र सिग्नल देतं आणि नकाशावर एक ठिपका उमटतो. मी त्या ठिपक्यांवर महिनोन्‌महिने जगले. बागेश्री कोकण सोडून निघाली, केरळ मागे टाकून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. घरात रात्री जेवताना सासूबाई विचारत, ‘‘कुठवर पोचली गं?’’ संपादकांनीही विचारलं, पण वेगळं: ‘‘परत कधी येणार? तारीख कळली तर पान राखून ठेवतो.’’

पूर्वेची कासवं पूर्वेची, पश्चिमेची पश्चिमेची, असा तोवर सर्वसाधारण समज होता. शास्त्रज्ञ तेव्हाही ‘कदाचित’ म्हणत होते, आणि माझ्या लेखातून तो रीतसर कापला जात होता. मग जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या वाळूवर एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या वल्ह्याच्या आकाराच्या पुढच्या पायाला धातूची एक पट्टी होती, तिच्यावर क्रमांक ०३२३३. ही पट्टी तिला २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. म्हणजे जी मादी तिकडे अंडी घालून गेली, तीच साधारण साडेतीन हजार किलोमीटर पोहून आमच्या कोकणात बाळंतपणाला आली होती. ज्यांनी ‘कदाचित’ म्हटलं होतं, त्यांना एक अक्षर मागे घ्यावं लागलं नाही. मथळेवाल्यांचे दोन समुद्र मात्र रातोरात एक झाले.

या एका बातमीला पेग होता, तारीख होती, फोटो होता. मी ती जीव ओतून लिहिली, पहिल्यांदाच काही न कापता छापली गेली, आणि मी बिल पाठवलं. काही आठवड्यांनी हिशेब विभागाला फोन केला. पलीकडून विचारणा झाली, ‘‘मॅडम, तुमचा पुरवठादार क्रमांक?’’ मी सांगितला. बराच वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला. ‘‘हा क्रमांक सापडत नाहीये. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर फायली हलवल्या ना, त्यात कुठेतरी गेला असेल. नवीन फॉर्म भरता का?’’

मी विचारलं, ‘‘पट्टी लावून देता का?’’